एका तबकडीच्या पिढ्या

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची पट्टी नेमकी कुठली? खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांच्या सुराचा पुरावा आता तबकड्यांतच उरला आहे, आणि तबकड्यांचं आपसात पटत नाही. एकच चीज एलपीवर ऐकावी, मग कॅसेटवर, मग ‘रीमास्टर्ड’ असं ठळक छापलेल्या सीडीवर. शेजारी पेटी घेऊन बसलं की षड्ज दर वेळी थोडा सरकलेला सापडू शकतो. हा फरक कुठून येतो हे कळायला गाण्याच्या नव्हे, तबकडीच्या कुळात शिरावं लागतं.

मूळपुरुष मेणाचा. 1902 साली फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रणासाठी आला, तेव्हा मेणावर कोरलेली गाणी जहाजातून जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तबकड्या बनून परत येत. मेणावर धातू चढवून उलटा साचा काढायचा, त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा, आणि त्या शेवटच्या साच्याने लाखेच्या तबकड्या दाबायच्या. कारखान्यात पहिल्या साच्याला ‘फादर’ आणि दुसऱ्याला ‘मदर’ म्हणत. म्हणजे आपल्या हातातली तबकडी घराण्यातली बरीच खालची पिढी. तिच्यातली लाख मात्र आपल्याच जंगलांतली. त्या काळी जगाला लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे.

आता वेगाचं. ‘78’ हा मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा आकडा सुरुवातीपासून ठरलेला नव्हता. चावीच्या किंवा वजनाच्या यंत्रावर ध्वनिमुद्रण होई तेव्हा वेग कंपनीगणिक, कधी सत्रागणिक बदले. इंग्लंडच्या कोलंबियाने 1920च्या दशकात बराच काळ 80चा वेग ठेवला होता. विजेच्या मोटारी आल्यावर 78 स्थिरावला. त्यातही अमेरिकेत तो 78.26 आणि पन्नास सायकल विजेच्या देशांत 77.92. हा फरक कानाला कळत नाही. पण 80वर कोरलेली तबकडी 78वर फिरवली, तर सूर जवळजवळ अर्ध्या सेमीटोनने उतरतो. काळी एकला लागलेला षड्ज काळी एक आणि पांढरी एक यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. तीन मिनिटांचं गाणं साडेचार सेकंदांनी लांबतं, तान जड होते आणि गळा वयस्कर वाटू लागतो. एलपी काढणाऱ्याने एकदा ही चूक केली की तीच टेप पुढे कॅसेटला आणि सीडीला जाते. वारसाहक्काने चूकही उतरते.

खाँसाहेबांच्या गाजलेल्या तबकड्या ‘ओडियन’च्या. या छापाचं हिंदुस्थानातलं काम दोन टप्प्यांत झालं, 1912 ते 1916 आणि 1932 ते 1938. दुसऱ्या टप्प्याचं मोठं केंद्र मुंबई होतं. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकूनच लहानगा भीमसेन जोशी गाणं शिकायला घराबाहेर पडला. तीन-सव्वातीन मिनिटांची ही गोष्ट कुणाच्या आयुष्याची दिशा बदलू शकते, म्हणून तिच्या सुराबद्दल हयगय करू नये, असं मला मनापासून वाटतं.

भायखळा स्टेशनवरून नागपाडा, दो टाकी करत चालत गेलं की चोरबाजारातली मटण स्ट्रीट लागते. तिथे अशा तबकड्या आजही हाताला लागतात. जाणता गिऱ्हाईक आधी लेबलच्या कडेचा भाग उजेडात तिरका धरतो. तिथे दाबून उमटवलेला मॅट्रिक्स नंबर असतो, आणि तो साचा कुठल्या ध्वनिमुद्रणाचा ते सांगतो. एकच चीज दोनदा गायली गेली असेल तर तेही त्यातून कळू शकतं. मग खाचेकडे पाहायचं. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असे, आणि तीच पुन्हा वापरणाऱ्यांनी खाच खरवडून टाकलेली असते. पण 78ची खाच रुंद. एलपीची सुई सुमारे 25 मायक्रॉनची, तर 78ला 75च्या आसपासची लागते. त्याहून थोडी जाड किंवा बारीक सुई लावली की ती खाचेच्या न झिजलेल्या भागाला टेकते आणि मेलेला वाटणारा आवाज उठून बसतो. माझ्या मते रीमास्टरिंगची निम्मी विद्या या सुईच्या निवडीत आहे.

उरलेली निम्मी विद्या हात आवरण्यात. खरखर काढायची यंत्रं 1980च्या दशकाच्या शेवटापासून संगणकावर आली आणि त्यांनी मोठं काम केलं. पण फिल्टर जास्त ओढला की खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारी जाते, श्वास जातो, आणि गायक कापसात गुंडाळून बसवल्यासारखा ऐकू येतो. जुन्या गाण्यांवर ‘झंकार बीट्स’ चढवणाऱ्या कॅसेट निदान उघडपणे वेगळ्या होत्या. अति स्वच्छ सीडी मात्र अस्सल म्हणून विकली जाते. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या महागड्या एलपींत डिजिटल टप्पा असल्याचं 2022 साली उघड झालं आणि ग्राहक कोर्टात गेले. त्या एलपींचा आवाज कुणी वाईट म्हटला नव्हता. कुळ लपवलं, हा राग होता.

याच्या उलट काम मुंबईत झालं आहे. 1990 साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून ‘ओडियन’ आणि वडाळ्याच्या कारखान्यातल्या ‘यंग इंडिया’ या छापांच्या तबकड्यांचं डिजिटल जतन केलं. मूळ लाखेच्या तबकडीवरून थेट घेतलेला असा आवाज हाताशी असला, तर बाजारातली कुठलीही आवृत्ती त्याच्याशी ताडून पाहता येते.

ताडायला पेटी बरी, पण तिच्यावरही डोळे मिटून विसंबू नये. जुन्या युरोपीय सुरांच्या पेट्या 440ऐवजी 435 हर्ट्झवर लावलेल्या असू शकतात, म्हणजे सेमीटोनच्या पाचव्या हिश्श्याने उतरलेल्या. 80 आणि 78 यांतली चूक त्याच्या दुपटीहून मोठी. म्हणून एकाच सत्रातल्या तीन-चार तबकड्या घ्याव्यात, साथीची पेटी सगळ्यांत एकाच ठिकाणी लागते का ते पाहावं, आणि मग वेग ठरवावा. सीडीच्या वेष्टनावर कंपनीने एवढंच छापावं: कुठली तबकडी, कुठला मॅट्रिक्स नंबर, कुठला वेग, कुठली सुई, काय काढून टाकलं.