हरणाच्या मागावर : घडीच्या आधारकाठीची निवड

ब्रिटनमध्ये, विशेषतः स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ प्रदेशात, पायी माग काढत हरणाच्या जवळ जाऊन रायफलीने त्याची शिकार करण्याच्या पद्धतीला 'डिअर स्टॉकिंग' असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकात राजघराणे आणि उमराव यांनी या छंदाला प्रतिष्ठा मिळवून दिली. आज मात्र त्यामागे छंदाइतकेच निसर्गव्यवस्थापनाचेही कारण आहे. ब्रिटनमधील लांडगा अठराव्या शतकापर्यंत नामशेष झाला आणि प्रौढ हरणांना नैसर्गिक शत्रू असा उरला नाही. हरणांची संख्या वाढली, की ती कोवळी रोपे खाऊन टाकतात आणि जुन्या अरण्यांची नवी पिढी उगवतच नाही. त्यामुळे दरवर्षी ठरावीक संख्येने हरणे मारली जातात व त्यांचे मांस बाजारात येते. स्कॉटलंडमध्ये नर हरणांसाठी असलेला बंदीचा काळ २०२३ मध्ये उठविण्यात आला, तोही याच कारणाने.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीस बंदी आहे, हे सांगावयास नकोच. ब्रिटनमध्येही हा प्रकार मोकाट नाही. १९६८ च्या शस्त्र कायद्यानुसार रायफलीसाठी पोलिसांचा परवाना लागतो आणि ज्याची जमीन त्याची अनुमती आवश्यक असते. या सर्व सोपस्कारांनंतर शिकाऱ्यावर एक जबाबदारी उरते : पहिल्याच गोळीत प्राणी तत्काळ मरावा. जखमी होऊन निसटलेले हरीण झाडीत तासन् तास तडफडत राहते. ते टाळण्यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांत घडीच्या आधारकाठीचे, म्हणजेच 'शूटिंग स्टिक'चे स्थान महत्त्वाचे आहे. (वर उघडणारे छोटे आसन असलेल्या बैठकीच्या काठीलाही इंग्रजीत हेच नाव आहे, येथे विचार आहे तो रायफल टेकविण्याच्या काठीचा.)

आधार कशासाठी?

खांद्याला लावलेल्या रायफलीच्या नळीचे तोंड खांद्यापासून साधारण १ मीटरवर असते. ते केवळ १ मिलिमीटर हलले, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर सरकते. 'रो' जातीच्या लहान हरणाच्या छातीतील मर्मस्थानही सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचेच धरले जाते. मध्यावर धरलेला नेम अर्धा मिलिमीटर ढळला, तरी गोळी मर्मस्थानाच्या कडेवर जाते. चढण चढून धाप लागलेल्या, वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचे हात यापेक्षा कितीतरी अधिक हलतात.

जमिनीवर पालथे पडून नेम धरणे सर्वांत स्थिर, आणि हायलँड्सच्या उघड्या माळावर बहुधा तसेच केले जाते. परंतु इंग्लंडमधील सखल रानात गवत आणि नेचे उन्हाळ्यात छातीपर्यंत वाढतात. पालथे पडल्यास समोरचे काहीच दिसत नाही. दुर्बीण नळीच्या काहीशी वर बसविलेली असते. त्यामुळे दुर्बिणीतून वाट मोकळी दिसली, तरी गोळी खालच्या गवताच्या काड्यांना घासून वळण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी बसून किंवा उभे राहून नेम धरावा लागतो, आणि तेथेच काठी कामास येते.

पाय किती असावेत?

एका पायाची काठी हलकी असते व चालतानाही उपयोगी पडते. ती रायफलीचा भार पेलते, वरखाली होणारी हालचाल थांबविते. डावीउजवीकडील डोलणे मात्र राहतेच. म्हणून ती जवळच्या अंतरासाठीच योग्य.

दोन पायांची, वरच्या बाजूस एकत्र बांधलेली काठी फुलीसारखी उघडते. तिच्यामुळे बाजूचे डोलणे पुष्कळ कमी होते, पुढेमागे होणारी हालचाल शरीराचा किंचित भार पुढे देऊन रोखता येते. बसून नेम धरणाऱ्यास आखूड दुपायी काठी उत्तम.

तिपाई स्वतःच्या बळावर उभी राहते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहून दुर्बिणीने टेहळणी करता येते. उभ्याने नेम धरणारे अनेक जण हिलाच पसंती देतात. मात्र ती आपोआप उभी राहते म्हणून भरलेली रायफल तिच्यावर ठेवून दूर होऊ नये. वाऱ्याच्या झोताने सारे कोसळू शकते.

चार पायांच्या काठीत रायफलीचा पुढचा आणि मागचा, असे दोन्ही भाग टेकतात. उभ्याने मिळणारा हा सर्वांत स्थिर आधार होय. परंतु ती आकाराने अवजड असते, आणि हरीण चालू लागले तर रायफल त्याच्याबरोबर फिरविण्यास मर्यादा येतात.

घडी, खटके आणि आवाज

हरणाचे कान तीक्ष्ण असतात. पन्नास मीटरवर धातूवर धातू आपटल्याचा एक 'टक्' आवाज सकाळभराची मेहनत वाया घालवितो. त्यामुळे घडी कशी उघडते, याला वजनापेक्षाही महत्त्व द्यावे.

तंबूच्या दांड्यांप्रमाणे आतून लवचीक दोरी ओवलेल्या काठ्यांचे तुकडे झटक्यासरशी जुळतात. त्या आटोपशीर असतात, पण सांधे जुळताना वाजतात आणि उंची बहुधा ठरलेली असते. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या काठीची उंची हवी तशी ठेवता येते. तिचे सांधे पिळून किंवा कळ दाबून आवळले जातात. पिळाचे सांधे शांत असतात, पण गारठलेल्या ओल्या हातांनी ते पुरेसे आवळले जात नाहीत आणि ऐन वेळी पाय आत सरकतो. कळीचे सांधे पक्के बसतात, मात्र कळ मिटताना 'खट्' असा आवाज होतो. मुठीजवळचा चाप दाबताच सर्व पाय एकदम मोकळे करणाऱ्या काठ्याही मिळतात. एका हाताने उंची बदलण्याची ही सोय मोठीच. परंतु यंत्रणा गुंतागुंतीची असल्यामुळे चिखल आणि रेती यांपासून तिला जपावे लागते.

उंची, वजन आणि टेकू

पूर्ण उघडलेली काठी उभ्या माणसाच्या निदान हनुवटीपर्यंत पोहोचावी. पाय फाकविल्यावर उंची कमी होते आणि ती नेमकी खांद्याच्या पातळीवर येते. उतारावर खालच्या बाजूचा पाय अधिक लांब लागतो. म्हणून डोंगरात वापरावयाची असल्यास प्रत्येक पाय स्वतंत्रपणे लांबविता येतो की नाही, हे पाहावे. घडी केल्यावर ती पाठपिशवीला बांधता यावी.

ॲल्युमिनियमच्या काठ्या स्वस्त व टिकाऊ, पण थंडीत हाताला चटके देतात आणि आपटल्यास वाजतात. कार्बन तंतूंच्या काठ्या हलक्या आणि महाग. घरगुती उपाय म्हणून बागेतील बांबूच्या दोन काठ्या रबरी कड्याने बांधून वापरणारेही पुष्कळ आहेत. त्यांची घडी होत नाही, पण काम चोख होते. धातूच्या नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळली, की थंडी आणि आवाज या दोन्ही तक्रारी दूर होतात.

वरच्या दुबेळक्यावर रबर किंवा फोमचे अस्तर असावे. त्यावर रायफलीचा पुढचा लाकडी भाग टेकवावा. नळी थेट टेकवू नये. नळीवर दाब पडला, की गोळी जागा बदलते. टणक आधारावरून रायफल उसळते, म्हणून मध्ये हात ठेवण्याची सवय चांगली. पायांच्या टोकांना खडकासाठी रबरी टोपी आणि ओल्या मातीसाठी अणकुचीदार टोक, अशी दुहेरी सोय असल्यास उत्तम.

विकत घेण्यापूर्वी

दुकानात काठी हातात घेऊन हातमोज्यांसह ती तीन-चार वेळा उघडावी व मिटावी. डोळे मिटून तिचा आवाज ऐकावा. पूर्ण उंचीवर वरून जोर देऊन सांधे सरकतात का, ते पाहावे. बसून आणि उभ्याने, दोन्ही उंचींवर तिचा अंदाज घ्यावा.

त्यानंतरची खरी परीक्षा नेमबाजीच्या मैदानावर व्हावी. ब्रिटनमधील हरीण-शिकारीच्या प्राथमिक प्रमाणपत्राच्या परीक्षेत पालथे पडून १०० मीटर, बसून किंवा गुडघ्यावर ७० मीटर आणि उभ्याने ४० मीटर अशी अंतरे ठेवलेली असतात. आधार जसजसा डळमळीत होतो तसतसे अंतर कमी केले आहे, हे त्यावरून ध्यानात येईल. नव्या काठीवरूनही हाच क्रम पाळावा. १० सेंटिमीटरच्या वर्तुळात ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी बसते, तेच त्या काठीवरील आपले अंतर समजावे. रानात हरीण त्यापलीकडे उभे असेल, तर आणखी जवळ जावे. तेही शक्य नसेल, तर त्या दिवशी गोळी झाडू नये. उभ्याने झाडलेली गोळी हुकल्यास ती दूरवर जाते. म्हणून हरणामागे मातीचा उंचवटा असल्याची खात्री करूनच चापावर बोट न्यावे.

घरी परतल्यावर पाय पूर्ण बाहेर काढून ते पुसावेत आणि कोरडे होऊ द्यावेत. आत राहिलेले पाणी आणि रेती यांमुळेच बहुतेक काठ्यांचे सांधे निकामी होतात.