क्रँकवरची खडूची रेघ

परवा इंजिनाची खोली झाडताना गोणपाटात गुंडाळलेला आमचा जुना क्रँक सापडला. पोरगं म्हणालं, भंगारात का नाही घातला? आणि गेल्या आठवड्यात दोघांनी मला विचारलं की जुना क्रँक घासून बसवावा का. म्हणून ही गोष्ट.

आपल्याकडं नीरा डावा कालवा आला 1880च्या दशकात. कालव्याखाली ऊस, वरच्या अंगाला माळ आणि मोट. पुढं साताऱ्यात कूपर, मग 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स, आणि विहिरीवर डिझेलची फटफट सुरू झाली. 1972च्या दुष्काळानं इंजिनाची किंमत घराघरात कळली. 1980च्या सुमारास उजनीचं पाणी अडलं, इंदापूरच्या भीमाकाठची गावं उठली आणि फुगवट्यावर इंजिनं बसली. उन्हाळ्यात पाणी मागं सरकेल तसं इंजिन गाळात खाली न्यायचं.

असंच एकदा इंजिन तिरपं बसलं. ऑईल एका अंगाला गेलं, बेअरिंग जळालं, क्रँक निळा पडला. गॅरेजवाला म्हणाला, ‘वीसचा कट मारू, अंडरसाईज बेअरिंग टाकू, उद्या चालू.’ वीस म्हणजे अर्धा मिलिमीटर. ऊस करपत होता, नव्या क्रँकला पैसे नव्हते. आजोबा हो म्हणणारच होते.

दौंडच्या रेल्वेत आयुष्य काढलेले एक म्हातारे मिस्त्री गावात होते. ते म्हणाले, आधी खडू लावू. क्रँक घासून पुसून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवला, सकाळी कोरडा ठक्क केला, वर खडूची पूड चोळली. चहा होईस्तोवर जर्नलच्या कोपऱ्यात केसाएवढी ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूनं बाहेर ओढलं होतं.

ही युक्ती रेल्वेच्या कारखान्यांतली. तिच्यामागं मोठा घात आहे. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ चालत्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासवर माणसं गेली. रँकिन नावाच्या इंजिनिअरनं दुसऱ्या वर्षी दाखवलं की आस जाडीवरून बारीक होतो त्या टोकदार कोपऱ्यात भेग सुरू होते आणि हळूहळू आत जाते. लोखंड वरून ठणठणीत दिसतं! पुढं जर्मनीत व्होलर यानं आस वर्षानुवर्षं फिरवून सिद्ध केलं की एका दणक्यात न मोडणारं लोखंड लहान लहान लाखो दणक्यांनी मोडतं. आपलं 1500 फेऱ्यांचं इंजिन आठ तास चाललं की क्रँकला 3 लाख 60 हजार दणके बसतात. एका दिवसात.

म्हणून विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं. नुसते ओरखडे असतील तर क्रँक घासता येतो, पण घासणाऱ्यानं कोपऱ्याची गोलाई राखली पाहिजे. काटकोन काढला तर चांगला क्रँकही जाईल. निळा पडलेला असेल तर संशय धरा. भेग दिसली तर वेल्डिंगच्या नादी लागू नका. फ्लायव्हीलला तडा असेल तर ते चालवूच नका, ते फुटलं तर माणूस जातो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट जुने वापरायचेच नाहीत, तिथं कसली काटकसर? लायनर, पिस्टन, रिंगा यांत चूक झाली तर धूर होईल, ऑईल जळेल, जीव जाणार नाही. आणि खडूवर रेघ नाही आली म्हणजे भेग नाहीच असंही नाही. बारीक भेगेला चुंबकाची तपासणी लागते, मोठ्या ग्राइंडिंगवाल्यांकडं विचारा.

आजोबांनी तो क्रँक बसवला नाही. शेजाऱ्याचं इंजिन दर तिसऱ्या रात्री मागून आणलं, तरी अर्धा एकर खोडवा वाळला. आजी त्यावरून वर्षभर बोलत होती. गॅरेजवालाही म्हणायचा, म्हाताऱ्यानं उगाच भीती घातली, ते यंत्राचं वळ असेल.

परवा पोराला घेऊन पुन्हा रॉकेल आणि खडू केला. रेघ त्याच जागी आली, अंगठ्याएवढी लांब. पोरानं पुसून त्यावर नख फिरवलं. नखाला काहीच लागलं नाही.