हातावरचे सांभाळ

अवजाराचे कौतुक करताना आपण बहुधा भलत्याच गोष्टीचे कौतुक करतो. एकाच दांड्यात पक्कड, सुरी, करवत, स्क्रू ड्रायव्हर आणि बाटली उघडणी असलेले हत्यार प्रदर्शनात मांडले की त्याभोवती माणसे जमतात. शेजारी दोरीला लटकणारा ओळंबा असला तर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. माझे म्हणणे असे की हुशारी ओळंब्यात कितीतरी जास्त आहे, आणि ती का जास्त आहे हे बऱ्यापैकी काटेकोरपणे सांगता येते.

त्यासाठी आधी बळ आणि हुशारी वेगळी करू. पहार, कप्पी, जॅक ही बळ वाढवणारी साधने. त्यांचे गणित तरफेच्या आणि चाकाच्या नियमांत बसते, त्यात इथे शिरायचे नाही. हुशारीचा संबंध ताब्याशी आहे. यंत्रशास्त्रात मोकळ्या वस्तूच्या हालचाली सहा प्रकारच्या मानतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी तीन सरकणी, आणि त्याच तीन दिशांच्या आसांभोवती तीन फिरणी. हातात नुसती सुरी धरली तर सहाही हालचाली मोकळ्या असतात. काकडीच्या एकसारख्या चकत्या करायच्या तर त्यांतली नेमकी एखाद-दुसरी वापरायची आणि उरलेल्या मनगटाने, बोटांनी, नजरेने आवरून धरायच्या. आपण ज्याला कसब म्हणतो त्याचा मोठा भाग हे आवरणेच असते. यातली एखादी हालचाल जे अवजार आपल्या आकाराने, वजनाने किंवा घडणीने स्वतःच आवरते, ते माझ्या लेखी हुशार. हाताला बळ देणे वेगळे, हाताचा एखादा सांभाळ कमी करणे वेगळे.

या कसोटीवर पहिली उभी राहते ती आपली विळी. सुरीने कापताना एका हातात भाजी, दुसऱ्यात पाते, आणि खरे अवघड काम म्हणजे दोन्ही हातांचा मेळ. विळीने पाते पाटाला जखडले आणि पाट पायाखाली दाबला. पात्याच्या सहाही हालचाली एका फटक्यात बंद. आता दोन्ही हात एकाच वस्तूवर आहेत, आणि पाते कुठे आहे हे पाहायचीही गरज उरत नाही, कारण ते जिथे होते तिथेच आहे. बाजारात कोळीण बुळबुळीत मासा दोन्ही हातांनी पकडून पात्यावर ढकलते तेव्हा हा फायदा स्पष्ट दिसतो. तोच मासा एका हाताने फळीवर धरून सुरीने कापायला घेतला की तो निसटतो. जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी सुळावर नारळ सोलणे हे याच जातीचे. सुतारकामाच्या कारखान्यात टेबलाखालून वर डोकावणारे गोल करवतीचे पाते घेतले तरी तत्त्व तेच: हत्यार स्थिर, माल चालता. अर्थात याची किंमत आहे. विळीची धार बसणाऱ्याकडे तोंड करून उघडी असते, आणि कोणी उठून गेले तरी ती तशीच तिथे असते. काम झाल्याबरोबर विळी आडवी करून ठेवावी हा घरोघरचा दंडक त्यामुळेच.

रंध्यात हेच बंधन जास्त बारकाईने वापरले आहे. रंध्याचे पाते म्हणजे मुळात रुंद पटाशीच. पटाशीने फळी सपाट करायला बसले तर पाते किती खोल जाते आणि कोणत्या कोनात जाते हे प्रत्येक ढकलीला हातानेच ठरवावे लागते. रंध्यात पाते लाकडी किंवा लोखंडी अंगात पाचर मारून पक्के केलेले असते. कोन ठरला, खोली ठरली. रंध्याचा तळ फळीवर टेकल्याने वर-खाली सरकणे आणि दोन्ही दिशांना कलणे बंद झाले. हाताकडे उरले फक्त ढकलणे.

खरी मेख तळाच्या लांबीत आहे. आखूड रंधा फळीच्या खळग्यात उतरतो आणि खळग्याचीच री ओढत जातो. लांब रंधा दोन उंचवट्यांवर पुलासारखा टेकतो. मधल्या खळग्याला पाते लागतच नाही, फक्त उंचवटे सोलले जातात. काही फेऱ्या सुटे तुकडे निघतात, आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड साल निघाली की काम झाले. म्हणजे फळीची सरळ रेषा सुताराच्या नजरेत असण्याची गरज नाही. ती रंध्याच्या तळात साठवलेली असते, आणि प्रत्येक ढकलीला थोडी थोडी फळीत उतरते.

मग तळाला ती सरळ रेषा कोणी दिली? हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे, कारण प्रत्येक सपाट वस्तू तिच्यापेक्षा सपाट वस्तूवरून बनवायची म्हटली तर पहिली सपाट वस्तू कुठून आणायची? याचे उत्तर इंग्लंडच्या यंत्रशाळांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळले, आणि जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे ते जाहीर मांडले. दोन लोखंडी पाट एकमेकांवर घासून, जिथे टेकतात तिथे खरवडून जुळवले, तरी ते सपाट असतीलच असे नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असला तरी ते तंतोतंत जुळतात. पण तीन पाट घेऊन पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा पहिल्याशी जुळवला तर ही पळवाट बंद होते. पहिला फुगीर असेल तर दुसरा आणि तिसरा दोघेही खोलगट हवेत, आणि दोन खोलगट पाट आपसांत जुळूच शकत नाहीत. तिन्ही जोड्या जुळायच्या तर तिन्ही पाट सपाटच असावे लागतात. हातात कोणतेही अचूक माप नसताना अचूकता निर्माण करणारी ही पद्धत मला यंत्रशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या युक्त्यांपैकी वाटते. यात नवे अवजार एकही नाही, आहे ती फक्त तुलनेची शिस्त.

गुण्या तपासण्यामागे हाच विचार असतो. गुण्याचा दांडा फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ ओढायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढायची. दोन रेघा एकावर एक पडल्या तर कोन नव्वदाचा. फाकल्या तर दिसणारा फरक गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असतो, म्हणजे चूक आपण होऊन मोठी होऊन समोर येते. स्पिरिट लेव्हलही टोके फिरवून याच रीतीने पारखतात. उलटून पारखता येत नाही असे मोजण्याचे साधन घेताना मी जरा कचरतो.

आता ओळंबा. रंध्याला आणि गुण्याला अचूकता कोणीतरी आधी द्यावी लागते, ओळंब्याला ती पृथ्वी देते. वजन थोडे ओबडधोबड असले तरी दोरी उभीच राहते. पण गवंड्याच्या ओळंब्यातली हुशारी नुसत्या लटकण्यात नाही, तर दोरीवर सरकणाऱ्या लाकडी किंवा पितळी ठोकळ्यात आहे. या ठोकळ्याची रुंदी आणि खालच्या लोलकाचा व्यास समान असतो आणि दोरी ठोकळ्याच्या बरोबर मध्यातून जाते. भिंतीला वर ठोकळा टेकवला की दोरी भिंतीपासून लोलकाच्या त्रिज्येइतक्याच अंतरावर राहते. भिंत ओळंब्यात असेल तर खाली लोलक भिंतीला जेमतेम चाटून जातो. फट दिसली तर भिंत वरून पुढे झुकली आहे, लोलक भिंतीवर रेलला तर ती खालून पुढे आली आहे. पट्टी नको, आकडा नको. मोजणीचे काम ‘टेकले की नाही’ एवढ्या एका निवाड्यावर आणून ठेवले, आणि तो निवाडा डोळा फार चांगला करतो. ठोकळा हरवला आणि त्याजागी दुसऱ्या मापाचा लावला तर मात्र प्रत्येक भिंत त्याच प्रमाणात बिघडत जाईल, आणि दोष गवंड्याच्या माथी येईल.

बांधकामावर लेव्हल पाइप नावाची पारदर्शक नळी असते, तिच्याबद्दल थोडक्यात. पाणी भरलेल्या नळीची दोन्ही तोंडे उघडी ठेवली की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीला थांबते, मग मधली नळी जिन्यावरून, कोपऱ्यावरून, पलीकडच्या खोलीतून कशीही गेलेली असो. दुर्बिणीला समोरची वस्तू दिसावी लागते, नळीला नाही. तिचा शत्रू एकच, नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा. म्हणून पाणी भरल्यावर नळी आधी नीट निरखून घ्यावी लागते.

बागेत प्रश्न वेगळा होतो, कारण तिथे माल कारखान्यातल्यासारखा टेबलावर येत नाही. आंबा डोक्यावर कितीतरी उंच, वाऱ्यावर डुलणारा. लांब काठीच्या टोकावर हाताचा ताबा फारच कमी असतो. मुठीतला बोटभर कंप टोकाला वीतभर होतो. त्यात हापूसला आणखी एक अट आहे. फळ देठासकट उतरले पाहिजे. देठ मुळापासून तुटला तर चीक उडतो, सालीवर डाग पडतात आणि पुढे देठाकडून कूज सुरू होण्याची भीती राहते. म्हणजे ताबा सगळ्यात कमी तिथेच नेमकेपणा सगळ्यात जास्त हवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ या पेचाचे उत्तर आहे. काठीच्या टोकाला कडे, कड्याला जाळी, आणि तोंडाशी पाते बसवलेली खाच. तोंडाशी पसरट आणि आत निमुळती होत जाणारी खाच देठाला स्वतःच पात्याकडे ओढून घेते, त्यामुळे काठी दोन बोटे इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. फळ जाळीत आणि पाते त्याच्या वर असल्याने देठ कुठे कापला जावा हे अवजाराच्या मापाने ठरते. कापलेले फळ पडते तेही जाळीतच. कापणे, देठ राखणे आणि झेलणे ही तीन कामे इथे एकत्र आली आहेत, पण ती तीन वेगळी हत्यारे एका दांड्यात कोंबलेली नाहीत. ती एकाच हालचालीचे तीन भाग आहेत. बहुकामी हत्यारात आणि झेल्यात मी भेद करतो तो इथे. बहुकामी हत्यार खिशाची सोय पाहते. प्रवासात ते उपयोगी पडते, पण कोणताही सुतार दिवसभर त्याने काम करणार नाही.

याच विद्यापीठाने शिफारस केलेला दातेरी ‘वैभव विळा’ भातकापणीत साध्या विळ्याच्या जागी आला, त्याचे कारणही ताब्यातच सापडते. गुळगुळीत धारेवरून रोपांचे बुडखे घसरतात, म्हणून विळ्याला झोक द्यावा लागतो आणि तो झोक पायाजवळ आवरावाही लागतो. दाते बुडख्यांना धरून ठेवतात, नुसते ओढले की कापणी होते. वारंवार धार लावण्याचा खटाटोपही वाचतो. ओढण्याचे महत्त्व जपानी करवतीतही दिसते. ती ओढताना कापते, ढकलताना नाही. पातळ पट्टी ढकलली की वाकते, ओढली की ताठ होते, त्यामुळे जपानी पाते बरेच पातळ ठेवता येते आणि लाकूड भुशात कमी जाते.

लोखंडकामातले एक उदाहरण सांगून पुढे जाऊ. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात डेविट गावच्या विल्यम पीटरसन या लोहाराने १९२४ साली लॉक होणाऱ्या पक्कडीचे पेटंट घेतले. तिच्या मुठीतले सांधे एका रेषेपलीकडे दाबले गेले की जबड्यावरचा ताण मूठ उघडण्याऐवजी तिला आणखी बंदच करू पाहतो. पकडून ठेवण्याचा सांभाळ हातावरून सांध्यांवर गेला, आणि हात दुसऱ्या कामाला मोकळा झाला.

एक सांभाळ कमी करणारे अवजार कधी कधी पुढच्या अवजाराला जन्म देते, आणि तिफण हे याचे चांगले उदाहरण. तिफणीचे तीन फण ठरावीक अंतरावर पक्के असतात, त्यामुळे ओळींतले अंतर पेरणाऱ्याच्या अंदाजावर राहत नाही. ओळी समांतर आल्या म्हणूनच पुढे त्यांच्यामधून कोळपे चालवता येते. त्याचे पाते ओळींच्या अंतरापेक्षा थोडे अरुंद ठेवले की पिकाला धक्का न लागता तण निघते. हाताने फेकून पेरलेल्या शेतात कोळप्याला जायला वाटच नसते. पण तिफणीने एकच दिशा बांधली. ओळीच्या आत बी किती दाट पडावे हे चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईवर सोडले. चाड्यातून नळ्यांवाटे तिन्ही फणांत सारखे बी जाईल अशा बेताने, बैलांच्या चालीशी जुळवून, ती बोटांमधून दाणे सोडत जाते. जमिनीच्या ओलीप्रमाणे हात कमीजास्त होतो. अवजार अर्धवट होते असे कोणी म्हणेल, पण उरलेले अर्धे काम जाणकार मुठीकडे होते.

ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्राने हा शेवटचा सांभाळही घेतला. तबकडीच्या खाचेतून दाणा ठरावीक अंतरावर पडतो, नवख्याच्या हातूनही पेरणी एकसारखी होते, आणि मजुरांची चणचण असताना हे फार मोठे आहे. मात्र तबकडीची खाच एका आकाराच्या दाण्यासाठी कोरलेली असते. सोयाबीननंतर तूर पेरायची तर तबकडी बदलावी लागते. बियाणे नेहमीपेक्षा बारीक आले तर एका जागी दोन दाणे पडतात, टपोरे आले तर खाच रिकामी जाते. चाड्यावरच्या मुठीला असा प्रश्न कधी पडला नाही. ती दाणा बघून बोटे कमीजास्त उघडायची.