श्रोत्यापासून निर्मात्यापर्यंत : यवतमाळ जिल्हा आणि शालेय नभोवाणी

विदर्भात आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. पुढे यवतमाळलाही केंद्र आले. शालेय कार्यक्रमांत मात्र विद्यार्थी प्रामुख्याने श्रोताच राहिला. पुणे केंद्राच्या १९५६ च्या ग्रामीण श्रोतामंडळांनी १५० गावांतून ऐकणाऱ्याला बोलते केले. पण तो प्रयोग प्रौढांचा. सामुदायिक रेडिओची परवानगी शिक्षणसंस्थांना २००२ मध्ये, स्वयंसेवी संस्थांना २००६ मध्ये मिळाली आणि मुलांच्या निर्मितीस स्थानिक वाट खुली झाली.

यवतमाळात खरा प्रश्न भाषेचा आहे. घरी कोलामी वा गोरमाटी बोलणारे मूल प्रमाण मराठीत संहिता लिहिताना अडखळते. आजीची गोष्ट तिच्याच बोलीत सांगताना विराम, स्वराघात त्याला सहज साधतात. म्हणून आधी कथनाचे ध्वनिमुद्रण व्हावे; संहिता ते ऐकून नंतर लिहिता येते.