विटांचे अंतराळ : एका डॅनिश खेळण्याचा इतिहास

१.
४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अंतराळयुगाचा आरंभ झाला. त्यानंतर चार महिनेही लोटले नव्हते, तोच २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये प्लास्टिकच्या एका विटेच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु पुढे वीस वर्षांनी त्यांची गाठ पडली आणि तिच्यातून जगभरच्या मुलांच्या हाती एक स्वतंत्र अंतराळ आले. त्या खेळण्याची ही कहाणी.

२.
ओले कर्क क्रिस्तियान्सेन हा बिलुंड या डॅनिश खेड्यातला सुतार. १९३०च्या दशकातील महामंदीत घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली, तेव्हा १९३२ पासून तो लाकडी खेळणी करू लागला. 'लेग गोट', म्हणजे 'छान खेळा', या दोन डॅनिश शब्दांतून त्याने आपल्या उद्योगाचे नाव घडवले : लेगो. १९४२ मध्ये कारखाना आगीत भस्मसात झाला. तो पुन्हा उभारला गेला. महायुद्धानंतर ओले कर्कने प्लास्टिक साच्यात ओतण्याचे यंत्र विकत घेतले आणि १९४९ पासून त्याच्या कारखान्यातून प्लास्टिकच्या छोट्या विटा बाहेर पडू लागल्या. त्यांची मूळ कल्पना ब्रिटनमधील किडीक्राफ्टच्या ठोकळ्यांवरून घेतलेली होती.

३.
त्या आरंभीच्या विटांत एक मोठी उणीव होती. त्या आतून पोकळ असल्याने एकमेकींना नीट धरून ठेवत नसत. उंच मनोरा रचला की तो ढासळे. ओले कर्कचा मुलगा गोडफ्रेड याच्या काळात यावर तोड निघाली. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसवण्यात आल्या. वरच्या विटेतील नळ्या खालच्या विटेच्या गोल उंचवट्यांमध्ये घट्ट बसू लागल्या. १९५८ चे पेटंट याच रचनेचे. त्या काळची वीट आजच्या विटेवरही बसते. खेळण्यांच्या जगात असे सातत्य विरळाच.

४.
ही पकड दिसायला क्षुल्लक वाटते, पण पुढचा सारा इतिहास तिच्यावरच उभा आहे. वीट पुरेशी घट्ट बसली पाहिजे आणि लहान मुलाच्या बोटांनी सुटलीही पाहिजे. जोडण्याइतकेच मोडणेही सोपे असले तरच पुन्हा रचण्याची उमेद टिकते. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या केवळ सहा विटा किती प्रकारे जोडता येतात, याचे गणित कोपनहेगनच्या गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने मांडले. उत्तर आले ९१,५१,०३,७६५. सहा विटांत एक्क्याण्णव कोटींहून अधिक शक्यता!

५.
तरीही १९६०च्या दशकात या विटांनी मुले मुख्यतः घरे, दुकाने, मोटारी आणि आगगाड्याच रचत होती. माणूस १९६९ मध्ये चंद्रावर उतरला, त्याचे पडसाद खेळण्यांत उमटायला थोडा काळ लागला. १९७०च्या दशकाच्या मध्यास चांद्रावतरणाचा एक संच आला. त्यातले अंतराळवीर मात्र विटांचेच बनलेले, बोजड आणि यानाच्या मानाने फारच मोठे होते. यान रचता येत होते. यानात बसायला योग्य मापाचा प्रवासी नव्हता.

६.
हा प्रवासी घडवला येन्स न्यूगोर्ड क्नुद्सेन या आरेखकाने. १९७८ मध्ये बाजारात आलेली त्याची 'मिनिफिगर' जेमतेम चार विटांच्या उंचीची होती. तिचे हात-पाय हलत, मुठीत वस्तू धरता येई, पावले विटेच्या उंचवट्यांवर घट्ट बसत. पिवळा चेहरा, दोन ठिपक्यांचे डोळे, एक स्मित. वंश, वय, राष्ट्र यांचा मागमूस नाही. या एका बाहुलीने खेळाचे माप ठरवून टाकले. दार किती उंच, आसन किती रुंद, यान किती लांब, याचे उत्तर आता तिच्या देहावरून मिळू लागले.

७.
या बाहुलीसाठी तीन जगे निर्माण केली गेली : नगर, किल्ला आणि अंतराळ. पहिले मुलाच्या वर्तमानाचे, दुसरे युरोपच्या भूतकाळाचे, तिसरे भविष्याचे. अंतराळ हे क्नुद्सेनचे विशेष आवडते क्षेत्र. निळी-करडी याने, पिवळ्या पारदर्शक काचा, विवरांनी भरलेली चांद्रभूमी आणि छातीवर ग्रहाला प्रदक्षिणा घालणाऱ्या यानाचे सोनेरी चिन्ह मिरवणारे लाल-पांढरे अंतराळवीर, अशी ती दुनिया होती. १९७९ चे 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' हे तिचे मुकुटमणी ठरले. त्यात ३३८ भाग होते. मागचे दार उघडले की पोटातून एक छोटी गाडी बाहेर पडे.

८.
तो काळ ध्यानात घेतला म्हणजे या जगाचे वेगळेपण उमगते. अपोलो मोहिमा डिसेंबर १९७२ मध्येच संपल्या होत्या. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' चित्रपटाने अंतराळ म्हणजे रणांगण हे चित्र मुलांच्या मनावर ठसवले होते. बाजारात बंदुका आणि लढाऊ यानांची चलती होती. लेगोच्या या अंतराळात मात्र शत्रूच नव्हता. होते ते संशोधक, मातीचे नमुने गोळा करणाऱ्या गाड्या, संपर्काच्या तबकड्या आणि तळ. आधुनिक युद्धाची खेळणी करायची नाहीत, हे धोरण या घराण्याने दीर्घकाळ पाळले होते.

९.
मुलांना या जगाने का वेड लावले? पहिले कारण असे, की अंतराळयानाला 'चुकीचे' असे रूपच नसते. घर रचताना छप्पर वाकडे झाले तर ते लगेच खुपते, कारण घर कसे असते हे प्रत्येकाला ठाऊक असते. दुसऱ्या ग्रहावरचे वाहन कुणीच पाहिलेले नाही. तिथे तीन पंख चालतात, दाराच्या जागी चाक चालते, मोडक्या मोटारीचा पुढचा भाग इंजिन म्हणून शोभतो. हाताशी असतील त्या विटांत भागवणाऱ्या मुलाला याहून उदार विषय मिळणे कठीण.

१०.
दुसरे कारण खोक्याच्या पाठीवर होते. त्या काळच्या खोक्यांवर त्याच विटांतून साकारणाऱ्या इतर रचनांची छायाचित्रे छापलेली असत; त्या कशा रचायच्या हे मात्र कुठेही दिलेले नसे. मूल चित्राकडे टक लावून पाही, न दिसणारी मागची बाजू तर्काने जुळवी आणि बहुधा काहीतरी तिसरेच रचून बसे. सूचनापुस्तिकेबरहुकूम बांधणे हा आरंभ होता. खरा खेळ पुस्तिका मिटल्यावर सुरू होई.

११.
१९८७ मध्ये या शांत विश्वात पहिली फूट पडली. एकीकडे पांढऱ्या-निळ्या यानांचा 'फ्यूचरॉन' गट आला आणि त्याच्यासोबत विजेवर धावणारी मोनोरेल. दुसरीकडे काळ्या-पिवळ्या रंगांचा, चेहरे झाकलेला 'ब्लॅकट्रॉन'. १९८९ मध्ये 'स्पेस पोलीस' अवतरले; त्यांच्या यानांत ब्लॅकट्रॉनच्या कैद्यांसाठी कोठड्या होत्या. संघर्ष आला, तशी गोष्टही आली. खेळ अधिक नाट्यमय झाला, यात शंका नाही. पण कोण चांगला आणि कोण वाईट, हे ठरवण्याचा मुलाचा अधिकार थोडा आक्रसला, हेही तितकेच खरे.

१२.
मोठे वळण १९९९ चे. लेगोने प्रथमच एका चित्रपटमालिकेशी करार केला, आणि ती मालिका होती 'स्टार वॉर्स'. नावातच युद्ध असलेल्या चित्रपटाला कंपनीच्या आतूनच तीव्र विरोध झाला. अखेर संच आले आणि प्रचंड खपले. त्यांची किंमतही मोजावी लागली. आता यानाला ठरलेले नाव, ठरलेला चालक आणि पडद्यावर पाहिलेले 'बरोबर' रूप होते. लेगोच्या स्वतःच्या कल्पित अंतराळाची मालिका २००१ च्या 'लाइफ ऑन मार्स' नंतर काही वर्षे खंडित झाली.

१३.
उसन्या गोष्टींवर विसंबण्याचा धोकाही लवकरच दिसला. २००३ मध्ये नवा 'स्टार वॉर्स' चित्रपट नव्हता. त्या संचांची विक्री घसरली. अवाढव्य विस्तार आणि वाढलेला खर्च यांची त्यात भर पडली आणि कंपनी मोठ्या तोट्यात गेली. २००४ मध्ये योर्गेन विग क्नुदस्टोर्प यांच्याकडे सूत्रे आली. घराण्याबाहेरचा माणूस प्रथमच या पदावर बसला. वारेमाप वाढलेले भागांचे प्रकार कमी करण्यात आले, पसारा आवरण्यात आला आणि कंपनी पुन्हा विटेकडे वळली.

१४.
दरम्यान १९७८ ची मुले मोठी झाली होती. त्यांच्यातील अनेकांनी जुने डबे पुन्हा उघडले. निळा, करडा आणि पारदर्शक पिवळा ही जुनी रंगसंगती घेऊन, पण नव्या भागांच्या साहाय्याने ते याने रचू लागले. हौशी मंडळींत 'शिपटेंबर' नावाचा एक प्रघात पडला : सप्टेंबरच्या एका महिन्यात किमान १०० उंचवटे लांबीचे यान पूर्ण करायचे. एका उंचवट्यापासून दुसऱ्याचे अंतर ८ मिलिमीटर. म्हणजे यान सुमारे ८० सेंटिमीटर लांब. त्यासाठी सूचनापुस्तिका नसते. खोक्याच्या पाठीवरच्या चित्रांनी लावलेली सवय इथे प्रौढपणी फळाला आलेली दिसते.

१५.
खेळणे आणि प्रत्यक्ष अंतराळविज्ञान यांच्यातली सीमारेषाही हळूहळू पुसट झाली. हौशी मंडळींनी कल्पना मांडायची, एक हजार जणांचा पाठिंबा मिळाला तर कंपनीने विचार करायचा, अशी योजना जपानमध्ये सुरू झाली होती. तिच्यातून २०१२ मध्ये लघुग्रहावरून धूलिकण घेऊन परतलेल्या 'हायाबुसा' या जपानी यानाचा संच आला. २०१४ च्या 'क्युरिऑसिटी' संचाचा कल्पक स्टीफन पाकबाझ हा मंगळावरच्या त्या खऱ्या गाडीवर काम केलेला अभियंता होता. २०१७ मध्ये 'सॅटर्न ५' अग्निबाण आला, सुमारे एक मीटर उंच. त्याचे भाग मोजून १,९६९, चांद्रावतरणाच्या वर्षाइतके.

१६.
त्याच वर्षी 'विमेन ऑफ नासा' हा छोटा संच निघाला. अपोलोच्या संगणक-प्रणालीचे काम पाहणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन, हबल दुर्बिणीची पायाभरणी करणाऱ्या नॅन्सी ग्रेस रोमन, अंतराळवीर सॅली राइड आणि मे जेमिसन अशा चौघी त्यात होत्या. १९७८ च्या बाहुलीला लिंगभेद नव्हता असे म्हटले जाई. परंतु खोक्यांवर आणि जाहिरातींत ती खेळताना बहुतेक वेळा मुलगेच दिसत, आणि अंतराळवीर म्हणजे पुरुष हा समज तसाच राही. चार बाहुल्यांनी तो समज मिटला नाही. पण त्या चौघी कोण, हे अनेक घरांत प्रथमच विचारले गेले असणार.

१७.
खुद्द विटाही अंतराळात गेल्या. २०११ मध्ये जपानी अंतराळवीर सातोशी फुरुकावा यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात त्याच स्थानकाची प्रतिकृती विटांनी रचली. सुटे भाग तरंगत निघून जाऊ नयेत म्हणून काम बंदिस्त पेटीत चालले. त्याच वर्षी ५ ऑगस्टला 'जुनो' यान गुरूकडे निघाले. त्यात ॲल्युमिनियमच्या तीन मिनिफिगर होत्या : ज्युपिटर, त्याची पत्नी जुनो आणि हातात दुर्बीण घेतलेला गॅलिलिओ. जुलै २०१६ मध्ये ते गुरूच्या कक्षेत पोहोचले. ज्या ग्रहाचे चार चंद्र गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले, त्याच ग्रहाभोवती त्याची बाहुली फिरू लागली.

१८.
क्नुद्सेनचे फेब्रुवारी २०२० मध्ये निधन झाले. २०२२ मध्ये, कंपनीच्या नव्वदीच्या निमित्ताने, 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' पुन्हा अवतरले. भाग १,२५४, आकार मूळ यानाच्या सुमारे दीडपट. शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी पूर्वी हमखास तुटत असे. नव्या संचात ती जाड झाली. खोक्यावर वय छापले होते : १८ आणि त्यापुढे. जुने यान मुलाच्या हाताला जेवढे मोठे वाटे, साधारण तेवढेच हे प्रौढाच्या हाताला वाटावे. मात्र जे आठ वर्षांच्या मुलासाठी घडले होते, ते आता मुख्यतः प्रौढांच्या फळीवर, धूळ झटकत जपले जाऊ लागले.

१९.
या इतिहासातला खरा पेच इथेच आहे. हुबेहूब प्रतिकृती रचण्यात कौशल्य आहे, आनंदही आहे. पण ती मोडण्याचे धैर्य कुणाला होत नाही. आणि विटेचे सामर्थ्य तर मोडून पुन्हा रचण्यात आहे. म्हणूनच नव्या 'गॅलेक्सी एक्सप्लोरर'ची एक गोष्ट महत्त्वाची वाटते : त्याच भागांतून १९७०च्या दशकातील आणखी दोन याने रचण्याच्या सूचना त्यात होत्या. ती याने पाहायची, तर पहिले यान मोडावेच लागते.

२०.
बिलुंडच्या सुताराने अंतराळाचा कधी विचार केला असेल, असे वाटत नाही. स्पुटनिकनंतर अवघ्या काही महिन्यांत, मार्च १९५८ मध्ये, तो निवर्तला. त्याच्या वारसदारांनी चित्रपटांची याने विकून पुष्कळ धन मिळवले, हेही वास्तव आहे. पण आजही एखाद्या घरात जमिनीवर विटांचा ढीग ओतला जातो, पुस्तिका बाजूला पडते आणि कुणीतरी तीन पंखांचे, एका चाकाचे, जगात कुठेही नसलेले यान हवेत उचलून धरते. १९७८ च्या त्या अंतराळाचा वारसा फळीवर जपून ठेवलेल्या यानापेक्षा या तीनपंखी यानात अधिक टिकून आहे.