डबडे ठेवावे की काढावे?

राज्ये बुडतात, संस्थाने खालसा होतात आणि कोणाचे काही अडत नाही. पण घरातले टेलिफोनचे डबडे काढायचे म्हटले, की मध्यमवर्गीय माणसाला एकदम सगळा इतिहास आठवतो. आमच्याकडे सध्या हाच ठराव चर्चेला आहे. ब्रॉडबँड हवे, याबद्दल दुमत नाही. ते बंद पडले तर चिरंजीवांचे ऑफिस आणि सौभाग्यवतींच्या मालिका एकदमच बंद पडतील. प्रश्न आहे त्याच्याबरोबर येणाऱ्या फोनचा.

"बाबा, त्याच्यावर फक्त कर्ज देणाऱ्यांचे फोन येतात!" चिरंजीव.

"पुसावं मात्र मला लागतं," इति सौभाग्यवती.

एवढा मोठा निर्णय इतिहास पाहिल्याशिवाय घेऊ नये, अशा मताचा मी आहे. तर ऐका.

ग्रॅहम बेलसाहेबाला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, म्हणजे १८८२ साली, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे एक्स्चेंजे निघाली. कलकत्त्याला तेव्हा ग्राहक होते ९३! अमेरिकेहून मुंबईला यायला टेलिफोनला सहा वर्षे पुरली. तिथून आमच्या चाळीत यायला मात्र पुढली शंभरेक वर्षे लागली.

सुरुवातीला नंबर जोडून द्यायला ऑपरेटर असे. अमेरिकेत स्ट्रौजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीचे सामान पुरवी. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको म्हणे एक्स्चेंजमध्ये होती आणि मयताच्या घरचे फोन ती परस्पर नवऱ्याकडे जोडून देई. धंदा बसलेला हा माणूस इतका चिडला, की त्याने ऑपरेटरच नको असे यंत्र काढले आणि १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. खरेखोटे त्याचे तो जाणे. पण पेटंट खरे आहे.

आपल्याकडे थेट नंबर फिरवून परगावी बोलायची सोय, म्हणजे एस.टी.डी., आली १९६० साली, लखनौ आणि कानपूरच्या दरम्यान. बाकीच्यांना ट्रंक कॉल. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन वर्ण. सकाळी कॉल लावून ठेवायचा आणि दिवसभर घर सोडायचे नाही. लागलाच, तर इतक्या मोठ्याने ओरडायचे, की नागपूरच्या माणसाला तारेची गरजच पडू नये.

आणि फोन मिळणे? अर्ज बापाने करावा आणि फोन मुलाने घ्यावा. जादा पैसे आधी भरणाऱ्यांसाठी 'ओन युअर टेलिफोन' नावाची योजना होती, तिलाही रांग. लग्नपत्रिकेत नंबराखाली 'पी.पी.' अशी दोन अक्षरे छापलेली असत. त्यांचा खरा अर्थ, शेजारच्या काकूंना हाक मारावी लागेल. १९८१ च्या सुमारास दळणवळणमंत्री सी. एम. स्टीफन यांनी संसदेत सांगितल्याचे प्रसिद्ध आहे, की टेलिफोन ही चैन आहे; ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी फोन खुशाल परत करावा. रांगेतल्या लोकांना हे ऐकून किती आशा वाटली असेल!

मग १९८४ मध्ये सी-डॉट आले, गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. बूथे उघडली आणि रात्री अकरानंतर पाव दरात बोलायला माणसे पायजम्यावर रांगेत उभी राहू लागली. १९९५ मध्ये मोबाइल आला. २००४ साली सरकारने ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले. किमान वेग, सेकंदाला २५६ किलोबिट. त्याच वर्षी मोबाइलची संख्या घरच्या फोनांपेक्षा जास्त झाली. इथून डबड्याचे दिवस फिरले.

आता मुद्द्याचे बोलू. जुनी तार तांब्याची. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची वीज तिच्यातूनच येई. म्हणून वाड्यात अंधार असला तरी फोन चालू असे. नवी तार काचेची. तिच्यातून उजेड येतो, वीज येत नाही. घरचे दिवे गेले, की ती भिंतीवरची पेटी विझते, पेटीबरोबर ब्रॉडबँड जाते आणि त्याच्याबरोबर आपला फोनही. म्हणजे नवा फोन दिसतो जुन्यासारखा. स्वभाव मात्र जावयाचा, सोय केली तरच बोलणार.

पण आमच्या घरात आई आहे. वय शहाऐंशी. मोबाइलचा पडदा तिचे सुकलेले बोट ओळखत नाही, आणि मधल्या खोलीत त्याला रेंजही नसते. दुपारी घरात ती एकटी असते. गेल्या पावसाळ्यात तिला अचानक दम लागला, तेव्हा तिने चष्मा न शोधता डबड्याची बटणे चाचपून डॉक्टरांचा नंबर लावला. डॉक्टर दहा मिनिटांत आले. त्या दिवशी दिवे होते, म्हणून बरे.

तेव्हा ठराव असा: ब्रॉडबँड काचेचे घ्यावे, नंबर जुनाच मागून घ्यावा, आणि त्या पेटीला एक छोटी बॅटरी जोडावी. चिरंजीवांनी बॅटरीचा खर्च काढला. तो माझ्या वाट्याला आला.

मंत्रिमहोदयांचा सल्ला चाळीस वर्षांनी बहुतेकांनी मानला आणि फोन परत केले. आम्ही मात्र अजून रांगेत उभे राहिल्यासारखे ते डबडे घट्ट धरून आहोत.