कोयता, आकडी आणि ठासणीची बंदूक

गागोदे बुद्रुक हे पेण तालुक्यातील डोंगरालगतचे भातशेतीचे गाव. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी येथे झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो. या पट्ट्यातील शेतकरी आणि ठाकूर, कातकरी आदिवासी यांच्या अंगावर रोज असणारे हत्यार म्हणजे कोयता.

रानात जाताना कोयता आकडीत अडकवतात. आकडी म्हणजे खाच कोरलेले लाकूड. ते दोरीने कमरेला, पाठीच्या बाजूला बांधतात. पाते खाचेतून खाली उतरते, मूठ वर राहते आणि झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजण्यासाठी टहाळ तोडणे, सरपण गोळा करणे, कुंपणासाठी काट्या छाटणे ही कोयत्याची कामे. भातकापणीला विळा लागतो आणि सुपारी कातरायला चंचीतला अडकित्ता.

१८७८ साली इंग्रज सरकारने दोन कायदे केले. शस्त्र कायद्याने बंदूक, तलवार, भाला आणि धनुष्यबाणही शस्त्रांत मोजले आणि ती बाळगून फिरण्यावर परवान्याचे बंधन घातले. वन कायद्याने राखीव जंगलातील तोड गुन्हा ठरवली. गुन्ह्यात वापरलेली अवजारेही जप्त करता येऊ लागली. कोयता शस्त्र ठरला नाही, पण जंगलात तो चालवणाऱ्यावर पहारा बसला. राबासाठी टहाळ तोडण्याच्या हक्कावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष माजला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात लोक कायदा मोडून झाडे तोडायला निघाले. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. मामलेदारही मृत्युमुखी पडले.

स्वातंत्र्यानंतर १८७८ च्या शस्त्र कायद्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्याने शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या. १९६२ च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे धारदार शस्त्रांच्या वर्गात घातले. तेथेही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची पाती वगळली. खिशातला छोटा चाकू त्या मापात बसत नाही.

बंदुकीची वाट वेगळी आहे. रानडुकरे आणि माकडे यांच्या उपद्रवामुळे कोकणात पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याची रीत आहे. १९५९ च्या कायद्यात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. मात्र या परवान्याने वन्यप्राणी मारण्याची मुभा मिळत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा त्याच्या आड येतो. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवे असेल, तर अर्जदाराला सबळ कारण परवाना अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघू शकतो.

कोयत्याची मोकळीकही बिनशर्त नाही. शांतता राखण्यासाठी पोलीस कायद्याखाली मनाई आदेश लागू असताना धारदार वस्तू घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरल्यास कारवाई होऊ शकते. थोडक्यात, रानात आणि शेतात कामासाठी नेलेल्या कोयत्याला परवाना लागत नाही. बंदुकीला मात्र काम कोणतेही असो, तो लागतोच.